चर्चचा इंटरनेट रेडिओ : गो की रस्ट ते नंतर, आधी शांततेचा बंदोबस्त

जय ख्रिस्त.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी माझ्या शब्दांत मांडतो, चुकलो तर सांगा. तुम्ही सोलापूरचेच, पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करता, तीन वर्षांचा अनुभव आहे. एका रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी विचारलं, "आपल्या मंडळीचा चोवीस तासांचा मराठी रेडिओ निघेल का हो?" तुम्ही उत्साहात हो म्हणालात. तेव्हापासून पाच महिने ऑफिस संपल्यावर गो या प्रोग्रामिंग भाषेत स्वतःचा स्ट्रीमिंग सर्व्हर लिहिताय. तो निम्मा झालाय, झोपेचं खोबरं झालंय, आणि आता तुम्ही दोन गोष्टी विचारताय: सर्व्हर रस्ट या दुसऱ्या भाषेत नव्याने लिहावा का, आणि अ‍ॅपसाठी कोणतं फ्रेमवर्क घ्यावं.

माझं उत्तर: सर्व्हर लिहूच नका, आणि अ‍ॅप तूर्त करूच नका. पाच महिने फुकट गेले असं समजू नका, कारण एमपी३च्या फ्रेम, म्हणजे फाइलमधले आवाजाचे छोटे तुकडे, कशा तुटतात हे तुम्हाला आता जेवढं कळतं तेवढं मला चार वर्षांनी कळलं होतं. पण ते ज्ञान वेगळ्या ठिकाणी वापरा. कुठे, ते पुढे येतंच.

मी बावीस वर्षं बॅकएंडचं काम करतोय आणि त्यातली नऊ वर्षं आमच्या मंडळीचा स्ट्रीम, म्हणजे इंटरनेटवरून अखंड जाणारा आवाज, सांभाळतोय. पगार पहिल्या कामाचा मिळतो, पहाटे साडेपाचला फोन मात्र दुसऱ्यासाठी येतात. या नऊ वर्षांत सर्व्हरच्या वेगामुळे एकदाही अडचण आली नाही. अडचण दरवेळी एकच: स्ट्रीम गप्प झाला आणि ते कोणाच्या लक्षात आलं नाही. तेव्हा तुमचा खरा प्रश्न भाषेचा नाही. रेडिओ गप्प झाला की ते कोणाला कळणार, किती वेळात कळणार, आणि उठून कोण बघणार, हा आहे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. ऐकणारे कोण? मंडळीतले पोरं-पोरी कामासाठी आखातात किंवा पुण्याला गेलेत आणि त्यांना रविवारची उपासना ऐकायची असेल, तर गोष्ट वेगळी. घरात एकट्या असलेल्या सत्तरीच्या मावशी ऐकणार असतील, तर वेगळी. तुमच्याखेरीज अजून एक तरी माणूस पासवर्ड घेऊन उभा राहणार का, यावरही बरंच आहे. एकट्याच्या जिवावर असेल, तर मी सांगतोय त्याच्या निम्मंच करा.

आता चोवीस तासांविषयी. महिन्याचे तास ७२०. एका मंडळीत महिन्याला किती नवीन ध्वनिमुद्रण होतं? चार रविवारच्या उपासना धरा दीड-दीड तासाच्या, म्हणजे सहा तास. बुधवारच्या प्रार्थनासभेचे चार. महिला मंडळ, तरुण संघ, एखादी सुवार्ता सभा मिळून आणखी चार-पाच. ओढूनताणून पंधरा तास. उरलेले ७०५ तास तीच तीन डझन गाणी फिरणार, आणि दुसऱ्या आठवड्यात पाळकसाहेबांच्या घरचेसुद्धा रेडिओ बंद करणार. आम्ही पहिलं वर्ष नेमकं हेच केलं.

माझे वडील गिरणीत होते. रात्री जेवण झालं की बाहेरच्या खोलीत ट्रान्झिस्टर काढायचे आणि काटा हळूहळू फिरवत श्रीलंका शोधायचे. ट्रान्स वर्ल्ड रेडिओ या ख्रिस्ती प्रसारण संस्थेचं श्रीलंकेतल्या पुत्तलमहून होणारं प्रक्षेपण १९७८ साली सुरू झालं, मध्यम लहरींवर, ८८२ किलोहर्ट्झ, ४०० किलोवॅट. सोलापूरहून पुत्तलम सरळ रेषेत साधारण साडेअकराशे किलोमीटर. दिवसा काही लागायचं नाही. अंधार पडला की वरच्या वातावरणातला, लहरी गिळून टाकणारा थर विरतो, आणि मध्यम लहरी आकाशावर आपटून लांबवर उतरतात. ते कारण वडिलांना माहीत नव्हतं, वेळ माहीत होती. सेशेल्स बेटांवरून फीबा या ख्रिस्ती संस्थेचं केंद्र १९७० पासून २००३ पर्यंत लघुलहरींवर चालू होतं, तेही ते शोधायचे. खरखर, शिट्ट्या, मध्येच आवाज बुडायचा, पुन्हा वर यायचा. एका भाषेच्या वाट्याला दिवसाचा थोडासाच वेळ यायचा. त्या पंधरा मिनिटांसाठी वडील दहा मिनिटं आधी बसायचे.

म्हणून मी पाळकसाहेबांना सांगेन: चोवीस तास नको, तीन तास करू. पहाटे साडेपाच ते साडेसहा, दुपारी एक तास, रात्री नऊ ते दहा. रात्रीचा तास दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा. बाकी वेळ भजनं चालू राहोत, पण त्याला कार्यक्रम म्हणू नका. इक्वाडोरच्या क्विटोमध्ये १९३१ च्या नाताळाला एचसीजेबी हे ख्रिस्ती केंद्र सुरू झालं ते अवघ्या काहीशे वॅटवर. या क्षेत्रात लहान सुरुवातीची लाज कोणालाच नव्हती. आणि आपल्या गावात एक सोय आहे जी पुण्यातही सहज मिळत नाही: पूर्व भागात तेलुगू मंडळ्या आहेत, कन्नड बोलणारे आहेत. एक तास त्यांना द्या. आमच्याकडे शनिवारचा तेलुगू तास सगळ्यात जास्त ऐकला जातो, आणि तो भरायची जबाबदारी माझ्यावर नाही हे त्याहून छान.

आता यंत्रणा. ऐकणाऱ्यांपर्यंत आवाज पोचवायला आइसकास्ट, आणि कोणत्या वेळी काय वाजवायचं ते ठरवायला लिक्विडसोप. दोन्ही मुक्त स्रोत, दोन्ही वीस वर्षांहून जुने, आणि तुम्हाला पाच महिन्यांत सापडलेल्या सगळ्या खोडी तिथे कोणीतरी आधीच सोडवून ठेवल्यात. दोन्ही एकत्र, वर वेब पॅनेल लावून हवं असेल तर अझुराकास्ट. डेव्हलपर माणसाला तयार पॅनेल घ्यायचं म्हणजे कमीपणा वाटतो, मलाही वाटला होता. पण त्या पॅनेलमधून तरुण संघाची पोरगी स्वतः फाइल चढवते, मला फोन करत नाही. तो कमीपणा मी आनंदाने सोसतो.

सर्व्हर भाड्याने घ्या, घरी ठेवू नका. मी पहिले आठ महिने रास्पबेरी पाय हा छोटा संगणक घरीच ठेवला होता, कपाटावर. उन्हाळ्यात लाइट गेली-आली, गेली-आली, आणि तिसऱ्या वेळी मेमरी कार्डानं मान टाकली. लिहीत असतानाच वीज तुटली की कार्डावरची फाइल व्यवस्था बिघडते, इन्व्हर्टर असला तरी बदलाबदलीच्या क्षणाचा भरवसा नाही.

लिक्विडसोपमध्ये एक गोष्ट मला फार आवडते. तुम्ही त्याला साधी प्लेलिस्ट देऊन चालू करायला गेलात तर तो चालूच होत नाही. सांगतो, "दॅट सोर्स इज फॉलिबल." हा स्रोत दगा देऊ शकतो. प्लेलिस्टमधली फाइल नसेल, वाचता येणार नाही, मग मी काय वाजवू ते आधी सांग, असं त्याचं म्हणणं. चालू व्हायच्या आधीच तो तुम्हाला तुमच्या चुकीची कबुली द्यायला लावतो. आमच्या पाळकसाहेबांना हे सांगितलं तर त्यांनी ते वाक्य एका संदेशात वापरलं.

यातून सुटायचे दोन रस्ते आहेत आणि इथेच नवखे फसतात. पहिला रस्ता एमकेसेफ नावाच्या फंक्शनचा. एका शब्दात तक्रार बंद होते. पण ते करतं काय, तर स्रोत दगा देईल तेव्हा शांतता वाजवतं. म्हणजे जी गोष्ट टाळायची तीच नियमित केली. दुसरा रस्ता: सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर एक फाइल ठेवा, नेटवरून येणारी नको, आणि ती उतरंडीत सगळ्यात खाली लावा. वर लाइव्ह, त्याखाली प्लेलिस्ट, त्याखाली ही एक फाइल. आमच्या फाइलमध्ये वीस मिनिटांची स्तोत्रवाचनं आहेत, आणि मध्ये-मध्ये माझ्या बायकोच्या आवाजात, "तांत्रिक अडचण आहे, थोड्या वेळात भेटू." ही फाइल वाजली की मंडळीतल्या कोणालाही कळतं की मला फोन करायचा. सर्व्हरवर लक्ष ठेवणारी यंत्रणा मी नंतर बसवली. त्या वाक्यानं त्याआधी दोन वर्षं काम केलं.

आइसकास्टच्या पातळीवरही पर्यायी माउंट, म्हणजे स्ट्रीमचा दुसरा पत्ता, लावता येतो, लिक्विडसोपच बंद पडला तर ऐकणारे तिकडे सरकतात. फक्त दोन्हीकडे कोडेक (आवाज दाबून साठवायची पद्धत) आणि बिटरेट (सेकंदाला जाणारा डेटा) तंतोतंत सारखे ठेवा, नाहीतर निम्म्या फोनवर प्लेअर अडकतो आणि दोष पुन्हा तुमच्या नावावर.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी एवढं लिहायला बसलो.

दुसऱ्या वर्षी एका रविवारी उपासना संपली, साउंडवर बसणाऱ्या मुलानं माइक म्यूट केला, लॅपटॉप तसाच ठेवून घरी गेला. लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर सर्व्हरला जोडलेलंच होतं. सर्व्हरच्या दृष्टीनं लाइव्ह चालू आहे, डेटा येतोय, ऐकणाऱ्यांचा आकडा दिसतोय, सगळं हिरवंगार. प्रत्यक्षात नऊ तास शुद्ध शांतता. रात्री नऊला बुधवार पेठेतल्या एका मावशींचा फोन: "का हो दादा, आज प्रार्थनेत सगळे गप्पच का बसलेत?" दुपारी दीडपासून त्या वाट बघत होत्या. त्यांना वाटलं, मौन प्रार्थना चालू आहे.

मी लगेच शांतता ओळखणारं फिल्टर बसवलं. लिक्विडसोपमध्ये ते तयारच आहे: आवाज अमुक डेसिबलच्या खाली इतके सेकंद राहिला की तो स्रोत बाद समजायचा आणि उतरंडीत खाली उतरायचं. मी उणे ४० डेसिबल (इथे शून्य म्हणजे सर्वात मोठा आवाज, बाकी सगळं त्याखाली) आणि २० सेकंद ठेवले आणि निवांत झालो.

मग आला उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. बारा ते तीन, येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर मनन. चौथ्या उद्गारानंतर पाळकसाहेबांनी मंडळीला एक मिनिट स्तब्ध राहायला सांगितलं. विसाव्या सेकंदाला माझ्या फिल्टरनं निर्णय घेतला, स्रोत मेलाय, आणि प्लेलिस्टमधून ढोलकीवर नाताळचं गाणं सुरू झालं. परदेशातून ऐकणाऱ्या एका गृहस्थानं मला जो संदेश पाठवला तो इथे देत नाही.

मी सेकंद वाढवले. २० चे ४५, ४५ चे १२०. पण मग खऱ्या बिघाडातही दोन मिनिटं जायची, आणि मे महिन्यात फिल्टर चालेचना. कारण शोधायला आठवडा गेला. मे महिन्यात पारा ४३-४४ वर असतो, चर्चमधले चौदाही पंखे पूर्ण वेगात. त्या घरघरीमुळे हॉलमधला आवाज उणे ४० च्या खाली उतरतच नव्हता. डिसेंबरात पंखे बंद, तेव्हा साधा श्वास घ्यायला वक्ता थांबला तरी उतरायचा. म्हणजे माझं फिल्टर शांतता मोजत नव्हतं, ऋतू मोजत होतं.

तेव्हा मी दोन्ही शांततांची ध्वनिमुद्रणं ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून शेजारी-शेजारी ठेवली आणि लहर मोठी करून बघितली. प्रार्थनेच्या शांततेत पंखा असतो, कोणाचा खोकला असतो, बांगडी वाजते, बाहेर रिक्षा जाते. डिसेंबरातसुद्धा ती उणे ५०-५५ च्या आसपास हलत राहते. म्यूट केलेल्या माइकच्या शांततेत काहीच नसतं, सरळ रेघ. सेकंद वाढवायची गरजच नव्हती, उंबरठा खाली न्यायला हवा होता. मी तो उणे ७० ला नेला आणि वेळ ३० सेकंद ठेवली. त्यानंतर मौन प्रार्थनेच्या मध्ये ढोलकी आलेली नाही.

हे आकडे तुमच्याकडे जसेच्या तसे लावू नका. तुमचा हॉल, तुमचा मिक्सर, तुमची वायर वेगळी. रिकाम्या हॉलमध्ये पाच मिनिटं रेकॉर्ड करा, मग माइक म्यूट करून पाच मिनिटं, आणि दोन्हींच्या मध्ये उंबरठा ठेवा. आणि यातून काय सुटतं तेही ऐका. माइकची वायर अर्धवट निघाली तर विजेची ५० हर्ट्झची गुणगुण येते. ती उणे ३० असू शकते. फिल्टरला ती भरगच्च उपासना वाटते. याला माझ्याकडे सॉफ्टवेअरचा उपाय नाही. उपाय म्हणजे एक माणूस, जो घरी बसून फोनवर ऐकतो आणि गडबड वाटली की साउंडवाल्याला फोन लावतो. आमच्याकडे हे काम त्याच मावशी करतात. आम्ही त्यांना रीतसर नेमलंय, वार्षिक सभेत नाव वाचून.

वेळेची एक खोड सांगून ठेवतो, कारण भाड्याच्या सर्व्हरवर ती तुम्हालाही भेटेल. सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असतं. आपण साडेपाच तास पुढे. पहाटे साडेपाचची प्रार्थना मी ०५:३० ला लावली आणि ती सकाळी अकराला वाजली. हे समजायला सोपं. खरी गंमत पुढे: आपले पहाटेचे साडेपाच म्हणजे यूटीसीची बरोबर मध्यरात्र. माझी स्क्रिप्ट तारखेवरून फाइल निवडायची, आणि तारीख नेमकी त्याच क्षणी बदलायची. स्क्रिप्ट दोन सेकंद आधी चालली तर कालचा संदेश, नंतर चालली तर आजचा. तीन आठवडे हे असं आलटून पालटून चाललं. सर्व्हर, कंटेनर (ज्या बंदिस्त कप्प्यात सॉफ्टवेअर चालतं तो) आणि लिक्विडसोप या तिन्हींना आशिया/कोलकाता एकेकदा सांगा, एकाला सांगितलं की बाकीच्यांना कळतं असं गृहीत धरू नका.

बिटरेटवर फार विचार नको. बोलण्यासाठी आणि साध्या भजनांसाठी मोनो, ६४ केबीपीएस एमपी३ पुरतो. तासाला २८.८ एमबी होतात, म्हणजे रोजचा दीड जीबीचा पॅक असलेला माणूस तीन तास आरामात ऐकेल. एका वेळी ४० जण असले तरी सर्व्हरला अडीच एमबीपीएसच लागतात. सरासरी दहा जण महिनाभर अखंड ऐकत राहिले तर २०७ जीबी. भाड्याच्या सर्वात लहान सर्व्हरलाही हे जड नाही. रस्ट इथे काय वाचवणार, सांगा बघू? ओपस हा दुसरा कोडेक आवाजाला सरस आहे, पण जुन्या फोनवर आणि स्वस्त स्पीकरवर एमपी३ हमखास चालतो, आणि त्याचे पेटंटही २०१७ मध्ये संपले.

एक मात्र लक्षात ठेवा: आइसकास्ट मुळात ८००० पोर्टवर साध्या एचटीटीपीनं चालतो. तुमचं पान एचटीटीपीएसवर असेल तर ब्राउझर तो स्ट्रीम वाजवायला नकार देतो. पुढे एन्जिन्एक्स हा वेब सर्व्हर लावून सुरक्षा प्रमाणपत्रासकट द्या, विषय संपला.

अ‍ॅप का नको? कारण फोन बनवणारे बॅटरी वाचवायला मागची अ‍ॅपं मारून टाकतात, आणि "रेडिओ पाच मिनिटांत बंद होतो" ही तक्रार प्रत्येक मॉडेलसाठी वेगळी सोडवावी लागते. शिवाय ते अद्ययावत ठेवणं हे कायमचं ओझं. एक साधं पान, त्यावर एक मोठं बटण, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर रोज पहाटे सव्वापाचला त्याची लिंक. आमचे बहुतेक ऐकणारे लिंकवरूनच येतात.

आणि ज्यांच्याकडे बटणाचा फोन आहे त्यांच्यासाठी मेमरी कार्ड. हसू नका. तीनशे-चारशे रुपयांचा तो लाल-काळा स्पीकर असतो ना, कार्ड घालायचा, तो आमच्या पंचवीस-तीस घरांत आहे. महिन्यातून एकदा कार्ड बदलून देतो. इथे एक बारीक गोष्ट: हे स्वस्त स्पीकर फाइली नावाच्या क्रमानं वाजवत नाहीत, कार्डावर ज्या क्रमानं लिहिल्या गेल्या त्या क्रमानं वाजवतात. तुम्ही ००१, ००२ अशी नावं दिलीत तरी संगणकानं त्या उलटसुलट उतरवल्या तर पुनरुत्थानाचा संदेश आधी आणि क्रुसावरचा नंतर. एक-एक करून क्रमानं उतरवा, किंवा फॅटसॉर्ट नावाचं छोटं टूल आहे, ते कार्डावर चालवा. या एका सुधारणेला मला जेवढे आशीर्वाद मिळाले तेवढे सगळ्या स्ट्रीमला मिळून मिळाले नसतील.

ध्वनिमुद्रणाबद्दल थोडक्यात. आमची खोली पूर्व भागात, भिंतीपलीकडे यंत्रमाग. मागाचा खडखडाट हवेतून कमी आणि जमिनीतून जास्त येतो, त्यामुळे माइकचा स्टँड टेबलावर ठेवला की संपलं. स्टँडखाली घडी घातलेलं टर्किश टॉवेल, भिंतींवर तीन बाजूंनी सोलापुरी चादरी. चादरीनं खोलीचा घुमारा जातो, आवाज जवळचा वाटतो. मागाची खोल धडधड मात्र चादर अडवत नाही, त्यासाठी ऑडॅसिटीत ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापा. सगळ्यात चांगला उपाय माग थांबलेले असताना मुद्रण करणं. आमचं बहुतेक बायबलवाचन लाइट गेल्यावर झालंय, लॅपटॉपच्या बॅटरीवर. माग बंद, पंखे बंद, चार्जरची गुणगुणही बंद. घाम पुसत वाचायचं, एवढंच.

सगळ्या फाइली एकाच पातळीवर आणा, नाहीतर भजन कानठळ्या बसवतं आणि संदेश ऐकू येत नाही. एफएफएमपेग या टूलचं लाउडनॉर्म फिल्टर, उणे १६ एलयूएफएस (कानाला वाटणाऱ्या मोठेपणाचं माप), दोन फेऱ्यांत. पहिली फेरी मोजते, दुसरी लावते. एकाच फेरीत उरकलंत तर ते चालता-चालता अंदाज घेतं आणि शांत प्रार्थना उगाच वर ओढतं.

तुम्ही जाता-जाता विचारलंय की ऑनलाइन मिळणारा छोटा एफएम ट्रान्समीटर गच्चीवर लावला तर? अजिबात नको. विनापरवाना प्रक्षेपण गुन्हा आहे. खासगी एफएमचा परवाना धार्मिक संस्थेच्या ताब्यातल्या किंवा तिच्याशी संलग्न कंपनीला मिळत नाही. सामुदायिक रेडिओचं दार २००६ च्या धोरणानं सामाजिक संस्थांना उघडलं, त्याची मर्यादा १०० वॅट, पण तो गावाचा रेडिओ असतो, एका मंडळीचा नाही.

गाण्यांच्या हक्कांकडे मात्र पहिल्या दिवसापासून बघा. उपासनेत गाणं गायला कायद्यात सूट आहे. तेच कॅसेटवरून उचलून इंटरनेटवर सोडायला नाही. रेडिओसाठी कायद्यानं ठरवून दिलेल्या परवान्याची जी सोय कलम ३१-ड मध्ये आहे ती इंटरनेटला लागू होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये म्हटलं आणि २०२२ मध्ये खंडपीठानं तेच कायम ठेवलं. मग काय वाजवायचं? आपल्याकडे खजिना आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली गेले. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी शब्द मोकळे होतात, म्हणजे त्यांची भजनं कधीच मोकळी झाली. पण शब्द मोकळे, कोणाच्या कंपनीनं काढलेलं मुद्रण मोकळं नाही, नवी चालही नाही. आपल्या मंडळीनं जुन्या चालीवर गावं, आपण मुद्रित करावं, गाणाऱ्यांची कागदावर संमती घ्यावी. वाचनासाठी पंडिता रमाबाईंचं भाषांतर घेता येतं. त्या १९२२ साली गेल्या, संपूर्ण बायबल १९२४ ला छापून निघालं. पुण्याहून रेल्वेनं येताना केडगाव लागतं, तिथे मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी हिब्रू-ग्रीकवरून ते केलं. मराठी साधी, कानाला थोडी अनोळखी. आमच्या वाचकांना पहिला आठवडा जड गेला, आता तीच आवडते.

आता तुमच्या कोडिंगच्या हाताला काय काम? भरपूर आहे, पण छोटं-छोटं. फाइल चढवली की तिचं नाव स्वच्छ करणारं, लांबी तपासणारं, पातळी सारखी करणारं, आणि अर्धवट उतरलेली एमपी३ परत पाठवणारं एक पायथन किंवा गोचं साधन. या शेवटच्यासाठी तुमचे पाच महिने कामी येतील. फ्रेम मोजून फाइल मध्येच तुटलीय का ते तुम्ही ओळखू शकता, मला अजून कोणाचं तरी वापरावं लागतं. पाळकबाई जे वेळापत्रक गूगल शीटमध्ये भरतात ते वाचून लिक्विडसोपला देणारं दुसरं. बाहेरून दर पाच मिनिटांनी स्ट्रीमचे दहा सेकंद ऐकून आवाज आहे का ते मोजणारं तिसरं. हे तिसरं त्याच सर्व्हरवर ठेवू नका. सर्व्हर मेला तर तो मेल्याचं कळवणार कोण? माझी सगळी मिळून सहाशे ओळींच्या आत आहेत. गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ठेवा, लिक्विडसोपच्या स्क्रिप्टसकट.

आणि एक वही ठेवा. मी साध्या मजकूर फाइलमध्ये तारखेनिशी लिहितो, मराठीत, आणि दर तिमाहीला मंडळीच्या कमिटीला वाचून दाखवतो. "१४ तारीख, रात्री ११. प्रमाणपत्राची मुदत संपली, स्ट्रीम ४० मिनिटं बंद. स्वयंचलित नूतनीकरण चालू होतं पण एन्जिन्एक्स पुन्हा सुरू केला जात नव्हता. केलं." एवढंच. कमिटीला यातलं निम्मं कळत नाही, पण मागच्या वर्षी मी महिनाभर आजारी होतो तेव्हा तुमच्याच वयाच्या एका मुलानं ती फाइल वाचून सगळं चालवलं. त्याला मी एकदाही फोनवर काही समजावलं नाही. मलाही तीन महिन्यांनी स्वतःच केलेलं आठवत नाही, तेव्हा पहिला वाचक मीच.

तर पुढच्या शनिवारी असं करा. अझुराकास्ट उभा करा, दहा फाइली टाका, तळाची आपत्कालीन फाइल लावा, आणि पाळकसाहेब धरून पाच जणांना लिंक द्या. दुपारी तीनला, कोणाला न सांगता, माइक म्यूट करून लाइव्ह जोडा आणि घड्याळ लावून बसा. पहिला फोन किती मिनिटांनी आला, आणि कोणाचा आला, ते इथे येऊन सांगा. अ‍ॅपचं मग बघू.